कर्करोगाचे औषध आणि सह्याद्रीतील नरक्या

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला माणूस. भूगोल आणि मराठी हे माझे विषय. तेव्हा आजचा विषय पाहून आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांच्या भुवया वर गेल्या असतील तर त्यात नवल नाही. परंतु या विषयाकडे मी पुस्तकातून आलेलो नाही. एका चुकीतून आलो आहे, आणि ती चूक माझी स्वतःची आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे का सांगतो हे आपोआप कळेल.

२०१८ साली माझ्या खालाला अंडाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. खालाने मला लहानपणी सांभाळले, शाळेची फी भरली, आणि मी शिक्षक झाल्यावर मला नावाने हाक मारणे सोडून ‘मास्तर’ म्हणू लागली. शस्त्रक्रिया झाली, आणि मग दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध द्यायचे ठरले. पहाटेची गाडी पकडून आम्ही वसईहून मुंबईच्या इस्पितळात जायचो आणि रात्री परतायचो. दोन डोस झाले. डोक्यावरचे सगळे केस गेले, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, सुईत दोरा ओवता येईना. ती एकदा बाटलीकडे पाहून म्हणाली, “मास्तर, हे पाणी कसलं रे? एवढंसं दिसतं आणि जीव काढतं.” मला उत्तर आले नाही. शिकलेल्या माणसाला उत्तर येत नाही याची लाज वाटते. आणि लाज वाटली की माणूस भलत्याच ठिकाणी उत्तर शोधू लागतो.

नोकरीच्या सुरुवातीची दोन वर्षे, २०१२ ते २०१४, मी सातारा जिल्ह्यात पाटणच्या वरच्या अंगाला एका डोंगरी गावातील शाळेत होतो. तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थाला खालाचे दुखणे कळले. त्याचा फोन आला. “गुरुजी, कशाला इस्पितळात पैसा घालता? कॅन्सरची औषधं ज्या झाडापासून करतात तेच झाड आमच्या डोंगरात आहे. साल उकळून द्या.” झाडाचे नाव नरक्या. नाव मला ओळखीचे होते, म्हणून अधिक विश्वास बसला. दोन हजार रुपये पाठवले. आठ दिवसांत सालीचे तुकडे भरलेली एक पिशवी आली. ती मी स्वतः जाऊन आणली, आणि खालाला काढा करून स्वतःच्या हाताने दिला.

चौथ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. अंगातले पाणी गेले, रक्तातील पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि तिसरा डोस तीन आठवडे पुढे ढकलावा लागला. इस्पितळातील तरुण डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारल्यावर मी पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “सर, तुम्ही दिलेत त्यात औषध असेलही, पण किती होते ते तुम्हाला ठाऊक होते का?”

त्या दिवसापासून मी वाचू लागलो.

प्रथम खालाच्या बाटलीवरचे नाव. पॅक्लिटॅक्सेल. मूळ नाव टॅक्सॉल. हे औषध यू नावाच्या झाडातून आले. सूचिपर्णी जातीचे, गर्द हिरवे, अतिशय सावकाश वाढणारे हे झाड आपल्या महाराष्ट्रात होत नाही. थंड प्रदेशातील आहे. हिमालयात त्याचा भाऊबंद आहे, त्याला गढवालकडे थुनेर म्हणतात. युनानी वैद्यकात ‘जरनब’ नावाचे जे औषध आहे ते याच झाडाचे मानतात. म्हणजे आपल्या हकिमांना हे कुटुंब अगदीच अनोळखी नव्हते. परंतु कर्करोगावर त्याचा गुण शोधला गेला तो अमेरिकेत. तेथील सरकारने १९६० पासून हजारो वनस्पती गोळा करून तपासण्याचे काम हाती घेतले होते. ऑगस्ट १९६२ मध्ये आर्थर बार्कले या वनस्पतीतज्ज्ञाने वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून पॅसिफिक यूची साल आणली. ती पुढे नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोन रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आली. त्यांनी सालीतून नेमका गुणकारी पदार्थ वेगळा केला, आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली.

विद्यार्थ्यांनो, यातील दुसरे नाव पुन्हा ऐका. मनसुख वाणी. जन्म २० फेब्रुवारी १९२५, गाव नंदुरबार. तेव्हाचा पश्चिम खानदेश, पुढे धुळे जिल्हा, आणि १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा झालेले आपले नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून १९४७ साली बी.एस्‌सी., १९५० साली एम.एस्‌सी., आणि मग अमेरिकेत जाऊन १९६२ साली पीएच.डी. म्हणजे डॉक्टरेट मिळवली तेव्हा वय सदतीस. दहावीत दोन टक्के कमी पडले म्हणून मुलाला शाळेतून काढायला आलेल्या एका पालकांना मी हे वय सांगितले होते. २०२० साली पंचाण्णव वर्षांचे होऊन ते वारले. आपल्या मराठी वर्तमानपत्रांतून त्यांच्याबद्दल जेवढे यायला हवे होते तेवढे आले नाही असे मला वाटते.

औषध करते काय? विरारकडे जाताना जागोजागी इमारती उठताना दिसतात, त्यांना बांबूंची परांची बांधलेली असते. शरीरातील पेशी एकीची दोन होताना आतल्या आत अशीच सूक्ष्म परांची उभारते, आणि काम झाले की सोडवते. टॅक्सॉल ही परांची सोडवूच देत नाही. पेशी अडकून पडते आणि मरते. हे १९७९ साली न्यूयॉर्कच्या सुसान हॉर्विट्झ या बाईंनी दाखवून दिले. कर्करोगाच्या पेशी सारख्या दुभंगत असतात म्हणून त्यांना मार जास्त बसतो. पण केसांच्या मुळांच्या पेशीही भरभर दुभंगतात, म्हणून केस जातात. खालाला हे मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे केस गेले म्हणजे औषध लागू पडतंय?” तसे अगदी नसते, पण तिचे समाधान होत होते, मी मान हलवली.

आता खरी अडचण. साल काढली की यूचे झाड मरते. आणि सालीत औषध किती? १ किलो टॅक्सॉलसाठी सुमारे १०,००० किलो साल, म्हणजे ३,००० च्या आसपास झाडे. एका रुग्णाच्या पूर्ण इलाजाला साधारण २ ग्रॅम लागते असे धरले तर एका बाईमागे सहा झाडे, आणि तीही शंभर-शंभर वर्षांची. लाकूडतोडे आधी या झाडाला निरुपयोगी समजून जाळून टाकत. औषधाचा गुण कळल्यावर त्याच झाडावर धाड आली. ज्या जुन्या जंगलात यू वाढतो तेथेच ठिपकेवाले एक दुर्मीळ घुबड राहते. ते वाचवायचे की रुग्ण वाचवायचे, असा वाद अमेरिकेत पेटला. एका बाजूला आजारी बायकांचे नातेवाईक आणि दुसऱ्या बाजूला जंगल राखू पाहणारे लोक. मी खालाच्या खाटेपाशी बसून हे वाचत होतो. प्रामाणिकपणे सांगतो, त्या वेळी कोणी मला विचारले असते तर मी म्हटले असते, सहाची साठ झाडे तोडा, पण माझी खाला वाचवा. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याला घुबडाचे प्रेम शिकवता येत नाही.

पण वाद सुटला तो कोणाला गप्प करून नव्हे. तो सुटला पाल्यामुळे. फ्रान्समध्ये पिएर पोतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले की युरोपातील यूच्या पानांत टॅक्सॉलचा जवळजवळ अर्धवट तयार सांगाडा असतो, आणि तोही भरपूर, १ किलो पाल्यात सुमारे १ ग्रॅम. उरलेला भाग प्रयोगशाळेत जोडता येतो. पाला छाटला तर झाड मरत नाही, पुन्हा फुटते. फ्लोरिडात रॉबर्ट हॉल्टन यांनी ही जोडणी कारखान्यात करता येईल इतकी सोपी केली. अमेरिकन सरकारने २९ डिसेंबर १९९२ रोजी अंडाशयाच्या कर्करोगासाठी टॅक्सॉलला परवानगी दिली, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत सालीचा मार्ग मागे पडला. इंग्लंडमध्ये बागांच्या कुंपणाला यू लावतात. त्या कुंपणांच्या छाटणीचा पालासुद्धा औषधासाठी गोळा होऊ लागला. पुढे याहून वरचढ युक्ती निघाली. यूच्या काही पेशी घेऊन मोठ्या टाक्यांत साखर-पाण्यावर वाढवायच्या, जसे आपण दुधाला विरजण लावतो तसे, आणि त्यातून औषध काढायचे. म्हणजे झाडाला हातही लावायचा नाही. या पद्धतीला २००४ साली अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हिमालयातील आपल्या यूचे नशीब एवढे चांगले नव्हते. १९९० नंतर तेथून साल आणि पाला वाटेल तसा ओरबाडला गेला. पाला छाटणे आणि ओरबाडणे यांत फरक आहे. फांद्याच तोडून नेल्या तर पाल्याचा मार्गही झाडाला मारतो. १९९५ साली या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले ते त्यामुळेच.

आता आपल्या घरी येऊ. माझ्या त्या पिशवीकडे.

वॉल आणि वाणी या जोडीने टॅक्सॉलच्याही आधी, १९६६ साली, चीनमधील एका झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचा आणखी एक पदार्थ शोधला होता. त्याची करामत निराळी आहे. विहिरीचा दोर फार पिळला गेला की गाठी पडतात. मग आपण तो सोडून पीळ काढतो. पेशीतील डीएनएच्या दोरालाही असाच पीळ पडतो, आणि तो काढण्यासाठी शरीरातील एक पदार्थ दोराचा एक पदर कापतो, पीळ सोडवतो आणि पुन्हा जोडतो. कॅम्प्टोथेसिन ही जोडणी अडवते. दोर तुटलेलाच राहतो. १९७० च्या सुमारास या पदार्थाचे एक रूप रुग्णांना देऊन पाहिले तेव्हा मूत्राशयाला इजा होऊन रक्त जाऊ लागले, जुलाब झाले, आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याच पदार्थात रासायनिक फेरफार करून, मात्रा ठरवून, तयार झालेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे अमेरिकेत बाजारात यायला १९९६ उजाडले. शोधापासून तीस वर्षे. शास्त्रज्ञांनी तीस वर्षे घालवून जे सुरक्षित केले ते मी चार दिवसांत, पातेल्यात उकळून, माझ्या खालाला पाजले होते.

आणि हा पदार्थ आपल्या सह्याद्रीतही आहे, हे कोठे शोधले गेले? आपण रोज ज्या लोकलने जातो त्या मार्गावर. गोरेगावला सिबा कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथे टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवले की नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन आहे, आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी पटीने अधिक, हजार भागांत सुमारे एक भाग. मी शेकडो वेळा गोरेगाववरून गेलो असेन. ही गोष्ट मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटली नाही.

नरक्या हे लहानसे झाड. कोयना, महाबळेश्वर, आंबोली अशा पावसाळी घाटमाथ्यावर, मोठ्या झाडांच्या सावलीत उभे असते. फुलांना घाण वास येतो. नावाचे मूळ त्या वासात असावे. एरवी त्याला कोणी विचारत नव्हते. परदेशातून मागणी आली आणि साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत चोरटी तोड सुरू झाली. वनखात्याने पकडलेल्या मालाच्या बातम्या वरचेवर छापून येत. औषधाचा साठा मुळांत अधिक, म्हणून पुष्कळदा झाड बुंध्यापासून तोडून थांबत नाहीत, मुळासकट उपटतात. तोडलेल्या खोडाला निदान पुन्हा फुटवा येतो. उपटलेल्याला काय येणार?

मी पाटणकडे होतो तेव्हा नववीच्या वर्गातील तीन-चार मुले आठवड्यातून दोन-दोन दिवस गैरहजर असत. विचारले तर एकाने सरळ सांगितले, “सर, नरक्या तोडाया जातो. रात्री जीप येती, वजन करून रोख पैसं देती.” घरची मजुरी पुरत नव्हती आणि हे पैसे दुपटीने मिळत. मी हजेरीपटावर गैरहजेरीची खूण केली आणि तो विषय तेथेच संपवला. मुलांना ते झाड काय आहे हे सांगितले नाही, कारण मलाच ठाऊक नव्हते. त्यातील एक मुलगा दहावीला बसलाच नाही. चार वर्षांनी मी जी पिशवी दोन हजारांना घेतली ती कोणीतरी असाच शाळा बुडवून भरली असेल. त्याला तिचे किती मिळाले असतील? पन्नास? शंभर?

तोडीशिवाय मार्ग नाही असे मात्र नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००१-०२ च्या सुमारास नरक्याच्या पेशी आणि मुळे काचपात्रांत वाढवून त्यांतून कॅम्प्टोथेसिन मिळवून दाखवले. २००५ साली जम्मूच्या संशोधकांनी नरक्याच्याच आत राहणारी एक बुरशी वेगळी केली, जी हा पदार्थ तयार करते. ऐकायला हे फार सुंदर वाटते. पण अशी बुरशी प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत गेले की तिचे औषध देणे मंदावते, असे पुढे आढळले. म्हणजे यूच्या बाबतीत जो पल्ला गाठला तो नरक्याच्या बाबतीत अजून गाठायचा आहे. लागवड हा दुसरा मार्ग. शेताच्या बांधावर नरक्या लावून ठरावीक वर्षांनी वरचा भाग कापायचा, बुंधा राखायचा. डोंगरातल्या माणसाला त्यात कायदेशीर पैसा दिसला तर तो रात्रीच्या जीपची वाट पाहणार नाही असे मला वाटते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर समिती आणि वनस्पतींची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली आहे, व्यापारातील वाटा गावाला मिळावा असेही त्यात आहे. कागदावर चांगले आहे. माझ्या त्या गावात मात्र नोंदवहीचे नाव मी असेपर्यंत कोणी काढलेले ऐकले नाही.

लागवडीने झाड वाचते याचा दाखला आपल्या अंगणात उभा आहे. सदाफुली. मूळची मादागास्करची. तिच्या पाल्यातून विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही औषधे निघतात. पहिले कॅनडातील संशोधकांनी १९५८ साली जगापुढे आणले. ही औषधे मघाची परांची उभीच राहू देत नाहीत. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या लहान मुलांना विनक्रिस्टिनने जीवदान मिळाले आहे. त्यात औषध इतके अल्प असते की शेकडो किलो पाल्यातून जेमतेम चिमूटभर निघते. तरीही सदाफुली नाहीशी झाली नाही, कारण तमिळनाडूतील कोरडवाहू शेतकरी तिचे पीक घेतात.

पण हे सांगताना मला भीतीही वाटते. आपल्याकडे मधुमेहासाठी सदाफुलीची पाने चघळणारी माणसे आहेत. आज माझे भाषण ऐकून कोणी आईच्या किंवा शेजारणीच्या दुखण्यावर पाने उकळू नका, एवढी माझी विनंती आहे. चिमूटभर विनक्रिस्टिन वजन करून, रुग्णाची उंची आणि वजन पाहून, शिरेतून द्यायचे असते. पानात किती आहे हे पान पाहून कळत नाही. एकाच झाडात पावसाळ्यात वेगळे, उन्हाळ्यात वेगळे. कोणी ‘रामबाण’ म्हणून पुडी दिली तर ती डॉक्टरांना दाखवा. लपवू नका. मी लपवली होती, आणि त्यामुळे इलाजाचे तीन आठवडे गेले.

नंतर तिचे सहाही डोस पूर्ण झाले. पुढे ती जवळजवळ तीन वर्षे आमच्यात होती. नातीचे लग्न तिने पाहिले, सुईत दोरा पुन्हा ओवू लागली. २०२१ साली दुखणे उलटले आणि ती गेली. त्या तीन आठवड्यांनी काही फरक पडला असता का, असे मी डॉक्टरीणबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. खालाने मात्र मला त्या पिशवीबद्दल कधी एक शब्द बोलून दाखवला नाही.

विद्यार्थ्यांपैकी कोणाला हे काम करावेसे वाटले तर बारावी विज्ञानानंतर वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र घेता येते. मुलींना विशेष सांगतो. आपल्याकडे ‘मुलगी विज्ञानाला नको, कॉलेज लांब पडते’ असे म्हणण्याची रीत आहे. परांचीचे कोडे सोडवणारी बाईच होती. पालकांना गाडीच्या वेळेची आणि पासाची काळजी असेल तर मला भेटा, आपण बसून बोलू.

त्या पिशवीतील उरलेली साल मी फेकली नाही. भूगोलाच्या तासाला सह्याद्री शिकवताना मुलांना दाखवतो. आजही बरोबर आणली आहे. तेथे टेबलावर बरणीत आहे. कार्यक्रमानंतर ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर पाहावी. हातात घेतलीत तर चहाला जाण्यापूर्वी हात साबणाने धुवा.